दुसऱ्याची पाकिटं

परवा शनिवारी रात्री घरातली निजानीज झाल्यावर मी डेस्कटॉपवर वायरशार्क कंपाइल करायला बसलो. खरं तर याची काही गरज नव्हती. कुठल्याही लिनक्सवर हे सॉफ्टवेअर एका ओळीच्या आज्ञेत, दोन मिनिटांत तयार मिळतं. विंडोजवर तर नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचं. पण मला ते सोर्स कोडपासून घडवायचं होतं. आमच्या घरात यावर एक ठरलेलं वाक्य आहे, "दुकानात चकली मिळते, पण ह्याला भाजणीपासून सुरुवात करायची असते." या वेळी मात्र हौस हे कारण नव्हतं. मी चालढकल करत होतो.

कशाची, ते सांगतो.

मुलगी दहावीला आहे. गेले दोन-तीन आठवडे रात्री एक-दीडपर्यंत तिच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसायचा. विचारलं की "अभ्यास करतेय". सकाळी डोळे सुजलेले, जेवताना गप्प. शेवटी बायको म्हणाली, "तू एवढी वर्षं नेटवर्कचंच काम करतोस ना? घरचं वायफाय तुझ्याच हातात आहे. बघ की ती नक्की काय करते ते." मी "बघतो" म्हटलं. पोरीची काळजी मलाही होतीच. आणि कसं बघायचं हेही मला चांगलं माहीत होतं. तोच तर घोळ होता.

वायरशार्क म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण इंटरनेटवर जे पाठवतो-मागवतो त्याचे लहान लहान तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. मला आपला 'पाकीट' हाच शब्द बरा वाटतो, कारण रचना तशीच असते. वर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, आत मजकूर. इथरनेटच्या एका पाकिटात साधारण १५०० बाइट मावतात. वायरशार्क ही पाकिटं जाता-येता टिपून घेतं आणि उलगडून दाखवतं. खिडकीत तीन खण असतात. एकात पाकिटांची यादी, दुसऱ्यात निवडलेल्या पाकिटाचे एकेक पापुद्रे, तिसऱ्यात मूळचे बाइट. नेट का रखडतंय, प्रिंटर का सापडत नाही, सर्व्हर उत्तर का देत नाही, असल्या प्रश्नांना याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. गेली वीस वर्षं मी त्याच्यावर पोट भरतोय.

या वीस वर्षांची सुरुवातही अशीच एका रात्री कंपाइल करत बसून झाली होती. तेव्हा या प्रोग्रॅमचं नाव इथेरियल होतं.

साल २००५. पुण्यात कर्वेनगरला आम्ही चौघं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचो. एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत होती. मी सांगली. बाकीचे परभणी, जळगाव आणि चिपळूण. माझ्याकडे सेलेरॉनचा, २५६ एमबी मेमरीचा असेम्बल केलेला कॉम्प्युटर होता. जळगाव आणि परभणीकडेही एकेक जुना डबा होता. केबलवाल्याकडून ६४ केबीपीएसचं इंटरनेट घेतलं होतं आणि कपाटावर एक आठ पोर्टचा हब ठेवून त्यातून सगळ्यांना वायरी काढल्या होत्या. बिल चौघांत. त्यामुळे संध्याकाळी नेट रखडलं की भांडणंही चौघांत. "कोण डाउनलोड लावून बसलंय?" हा प्रश्न रोजचा. सगळे शपथा घ्यायचे आणि नेट काही हलायचं नाही. मी ठरवलं, आता पुराव्यानिशी पकडायचं.

ऑफिसातल्या एका सीनियरनं इथेरियलचं नाव सांगितलं. माझ्याकडे पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं लिनक्स होतं. तयार आरपीएम टाकायला गेलो तर त्याला हव्या त्या आवृत्तीची एक लायब्ररी नव्हती. ती आणली तर तिला दुसरी हवी होती, दुसरीला तिसरी. शेवटी वैतागून सोर्स उतरवून घेतला. रात्री अकरा वाजता ती फाइल उलगडली आणि तेव्हाचा तीन आवर्तनांचा विधी सुरू केला: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल.

कॉन्फिगर चालताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ती गंमत आठवत असेल. भटजी पूजेला बसण्याआधी सामानाची यादी तपासतात ना, सुपाऱ्या? आहेत. विड्याची पानं? आहेत. तसं पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत जायची. चेकिंग फॉर जीसीसी, येस. चेकिंग फॉर अमुक, येस. आपण उगाचच प्रत्येक 'येस'ला मान डोलवत बसायचं. आणि मग एकदम सगळं थांबलं. पीकॅप डॉट एच ही हेडर फाइल सापडत नाही म्हणे.

तो एरर मेसेज मला अजून आठवतो, कारण इतका समजूतदार एरर मी तोवर पाहिला नव्हता. त्याचा भावार्थ असा होता की, लिबपीकॅप तुम्ही सोर्सवरून बसवली असेल तर 'मेक इन्स्टॉल-इन्क्ल'ही केलंत ना? आणि तयार पॅकेज घेतलं असेल तर त्याचं डेव्हलपरसाठीचं वेगळं पॅकेज असतं, तेही घेतलंत ना? एखाद्या अनुभवी कंपाउंडरनं विचारावं तसं, "गोळ्या घेतल्या, पण जेवणानंतर घेतल्या ना?"

लिबपीकॅप हा या सगळ्याचा पाया. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडम्प नावाचं पाकिटं टिपणारं साधन लिहिलं. त्यातला टिपण्याचा भाग वेगळा काढून ही लायब्ररी झाली. नेटवर्क कार्डावरून पाकिटं उचलायचं काम ती करते आणि त्यांचा अर्थ लावायचं काम इथेरियल. माझ्याकडे लायब्ररी होती, पण तिच्यात काय काय आहे हे कंपायलरला सांगणारी हेडर फाइल नव्हती. म्हणजे यंत्र घरात आलेलं आणि माहितीपत्रक दुकानात राहिलेलं. ते आणलं. मग जीटीकेचं तसंच. मग बायसन नाही, मग फ्लेक्स नाही. रात्री अडीचला एकदाचं कॉन्फिगर शेवटपर्यंत गेलं आणि मी मेक मारलं.

तेवढ्यात परभणी पाणी प्यायला उठला. डोळे चोळत म्हणाला, "काय करायलास रे सांगली? झोप की."

"नेट का स्लो आहे ते शोधतोय."

"सापडलं तर मलाबी सांग," म्हणाला आणि जाऊन झोपला.

हे वाक्य मी वीस वर्षं विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इथेरियल सुरू केलं. आता इथे हबबद्दल सांगायला हवं. हब हे बिनडोक यंत्र. एका वायरीतून आलेलं पाकीट ते बाकीच्या सगळ्या वायरींमध्ये ढकलून देतं. चाळीत पोस्टमननं प्रत्येक पत्र प्रत्येक दारात टाकावं आणि ज्याचं असेल त्यानं ठेवून बाकीच्यांनी फेकून द्यावं, असा प्रकार. नेटवर्क कार्डं एरवी इमानदारीत दुसऱ्याची पाकिटं फेकून देतात. पण कार्डाला 'प्रॉमिस्क्युअस' अवस्थेत टाकलं की ते आलेलं सगळं ठेवून घेतं. इथेरियलमध्ये त्यासाठी एका चौकोनात टिक असायची, आणि ती आधीपासूनच केलेली होती.

गुन्हेगार पाच मिनिटांत सापडला. जळगावच्या कॉम्प्युटरवर एक वर्म बसला होता आणि तो जगातल्या वाटेल त्या पत्त्यांवर ४४५ नंबरच्या पोर्टवर दारं ठोठावत सुटला होता. बिचाऱ्या जळगावला पत्ताच नव्हता. त्याचं विंडोज साफ केलं, नेट पळायला लागलं, मला सगळ्यांनी वडापाव खिलवला. शोध संपला होता. प्रोग्रॅम बंद करायला हवा होता.

नाही केला. एकदा दिसायला लागल्यावर बंद करवत नाही हो. त्या काळी जवळजवळ काहीच गुप्त नसायचं. मेल, चॅट, वेबपानं, सगळं पोस्टकार्डासारखं उघडं. पीओपीवर मेल उतरवताना युजरनेम आणि पासवर्डसुद्धा साध्या अक्षरांत जायचे. दोन दिवसांनी रात्री असाच यादी खालीवर करत होतो. ११० नंबरच्या पोर्टवरचं एक पाकीट दिसलं, परभणीच्या मशीनकडे चाललेलं. त्यावर राइट क्लिक केलं आणि 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' निवडलं. म्हणजे एका संभाषणाची सगळी पाकिटं जोडून सलग मजकूर.

परभणीच्या दाजींचा मेल होता. खाली परभणीनं त्यांना लिहिलेला मूळ मेल. रोमन लिपीतलं मराठी, तेव्हा सगळे तसंच लिहायचे. त्याला दोन महिन्यांपूर्वी नोकरीवरून कमी केलं होतं. गावी वडिलांना सांगितलेलं नव्हतं, आम्हालाही नाही. रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन तो बाहेर पडायचा, तो कुठे कुठे बायोडेटा देत फिरायचा आणि उरलेला वेळ एका वाचनालयात काढायचा. "अण्णांना इतक्यात बोलू नका, दिवाळीपर्यंत काहीतरी होईल," असं लिहिलं होतं. दाजींनी दोन हजार पाठवतो म्हटलं होतं.

आणि आदल्याच आठवड्यात मी नेटच्या बिलाच्या दीडशे रुपयांवरून त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो.

मी काय केलं? मला वाटलं, चांगलंच केलं. पाच तारखेला भाडं गोळा करताना त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तुझं या महिन्याचं राहू दे. मी भरतो, सावकाश दे."

"का?"

"असंच. इन्सेंटिव्ह मिळालाय मला."

तो माझ्याकडे बघत राहिला. दोन दिवसांनी जिन्यात गाठून म्हणाला, "तुला कुणी काही बोललं काय?"

"कशाबद्दल?" मी म्हटलं. इतक्या सहज खोटं बोललो की मलाच आश्चर्य वाटलं.

त्यानंतर त्यानं घरून मेल बघणं सोडलं. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जायला लागला. आमच्याशी बोलणंही जेवढ्यास तेवढं. दिवाळीनंतर त्याला हैदराबादला नोकरी लागली आणि तो गेला. निरोप देताना मी स्टेशनवर गेलो होतो. तेव्हाही काही बोललो नाही.

असो. तर परवाची रात्र.

वीस वर्षांत या प्रोग्रॅमचं बरंच काही बदललं. गेराल्ड कोम्ब्स यांनी तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस लिहायला घेतला, कारण तेव्हाची विकतची साधनं १५०० डॉलरच्या आसपास होती आणि त्यांच्या कंपनीतल्या सोलारिस-लिनक्सवर चालतही नव्हती. १९९८ मध्ये पहिली आवृत्ती आली. २००६ मध्ये कोम्ब्स यांनी नोकरी बदलली. इथेरियल या नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला. कोड मात्र जीपीएलखाली मोकळा होता, तो कुणाला अडवून ठेवता येत नव्हता. मग तोच कोड घेऊन वायरशार्क हे नवं नाव धारण केलं. २०१५ मध्ये जीटीके जाऊन क्यूटीची नवी खिडकी आली. कॉन्फिगर-मेकच्या जागी सीमेक आणि निन्जा आले. सोर्सबरोबर आता एक स्क्रिप्ट येते, ती डेबियन-उबुंटूवर लागणारं सगळं सामान एका फटक्यात आणून देते. भटजीच पिशवी भरून घेऊन येतात म्हणा ना.

स्क्रिप्ट चालवली, सीमेक चालवलं. शेवटी त्यानं यादी दिली, काय सापडलं आणि काय नाही. न सापडलेल्या, पण नसल्या तरी चालतील अशा गोष्टींमध्ये लिबएसएसएच होती. स्क्रिप्टला ऐच्छिक सामानही आण असं मी सांगितलं नव्हतं, म्हणून ती राहिली होती.

आणि नेमकी तीच मला हवी होती. कारण आता घरात हब नाही. राउटर पाकीट ज्याचं त्यालाच देतो, त्यामुळे डेस्कटॉपवर बसून मुलीच्या फोनची पाकिटं दिसत नाहीत. ती राउटरवरच टिपावी लागतात. माझ्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे, त्यावर टीसीपीडम्प चालतं. वायरशार्कबरोबर एसएसएचडम्प नावाचं एक छोटं जोडसाधन घडतं, ते दूरच्या यंत्रावर टिपलेली पाकिटं थेट आपल्या खिडकीत आणून देतं. पण लिबएसएसएच असेल तरच ते घडतं.

एक पॅकेज टाकायचं, सीमेक पुन्हा चालवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. वीस वर्षांपूर्वी रात्री अकरा ते अडीच मी एकेक उणी वस्तू धावत जाऊन आणली होती. परवा मात्र म्हटलं, आधी आहे तेवढ्यावर तर होऊ दे. आणि निन्जा सुरू केलं.

पडद्यावर फाइलींची नावं झरझर जाऊ लागली. वायरशार्कमध्ये प्रत्येक प्रोटोकॉलचं पाकीट उलगडणारा वेगळा कोड असतो, त्याला डिसेक्टर म्हणतात. अशा फाइली हजाराहून जास्त आहेत. जगभरातल्या लोकांनी आपापल्या गरजेपोटी लिहून दिलेल्या. टीसीपी, डीएनएस, एआरपी अशी रोजची मंडळी तर असतातच. पण क्वेक या खेळाचाही डिसेक्टर आहे. कारखान्यातल्या यंत्रांचे आहेत, मोबाइल टॉवरचे आहेत. मधेच एक ओळख पटली: वायएमएसजी. याहू मेसेंजर! तो २०१८ मध्ये बंद झाला. त्याची पाकिटं आता कुठल्या तारेवरून जात नसणार. पण ती कशी उघडायची हे ज्ञान अजून दर वेळी नव्यानं कंपाइल होतं. चिपळूणची होणारी बायको त्यावर रात्री अकराला यायची आणि आम्ही तिघं त्याला चिडवत बसायचो. तिथेही मी डोकावलो होतो का? डोकावलो होतो. एकदाच. पण डोकावलो होतो.

माझा डेस्कटॉप आठ वर्षांचा आहे. पंखा घोंघावत होता, कंसातला आकडा हळूहळू चढत होता, आणि मला विचार करायला भरपूर वेळ होता.

मुलीचं मला नक्की काय दिसलं असतं? मजकूर नाही. २०१३ च्या स्नोडेन प्रकरणानंतर सगळं जग वेगानं कुलूपबंद झालं. २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टनं वेबसाइटची प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप या टोकापासून त्या टोकापर्यंत सांकेतिक झाले. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये सर्व्हरचं प्रमाणपत्रसुद्धा झाकलं गेलं. पोस्टकार्डांची बंद पाकिटं झाली. पण पाकिटावरचे पत्ते राहतात. डीएनएसची चौकशी बऱ्याच घरांत अजून उघडीच जाते, आणि जोडणी सुरू होताना कुठल्या साइटशी बोलायचंय ते नाव बहुतेकदा दिसतं. शिवाय वेळ आणि वजन. रात्री पाऊण वाजता कुठल्या सर्व्हरशी, किती वेळ, किती बाइट.

म्हणजे नेमकं इतकंच दिसलं असतं की ज्यावरून मी मनात एक अख्खी गोष्ट रचावी. परभणीचा तर मी सबंध मजकूर वाचला होता. तो खराही होता. तरी त्याचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं. इथे तर नुसती पत्त्यांची यादी हाती येणार होती.

आणि समजा काही कळलंच, तर पुढे? तिच्याशी बोलायला मी कुठून सुरुवात करणार होतो? पुन्हा "असंच" म्हणणार होतो?

पंचवीस-तीस मिनिटांत काम संपलं. एकही एरर नाही. घडलेला वायरशार्क तिथल्या तिथे चालवून बघितला तर खिडकी उघडली, पण पाकिटं टिपायची परवानगी नाही म्हणाला. हे बरोबरच आहे. पूर्वी आम्ही सरळ रूट होऊन चालवायचो. ते धोक्याचं होतं, कारण परक्या पाकिटांचा अर्थ लावणाऱ्या लाखो ओळींच्या कोडमध्ये कुठे ना कुठे चूक असणारच, आणि मुद्दाम घडवलेलं एक वाकडं पाकीट त्या चुकीतून आत शिरू शकतं. म्हणून टिपण्याचं काम डम्पकॅप नावाच्या छोट्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे दिलंय. विशेष अधिकार फक्त त्याला द्यायचे, तेही आपण स्वतः, सेटकॅपची आज्ञा हातानं लिहून. मी ती लिहिली. स्वतःच्या डेस्कटॉपची पाकिटं दहा मिनिटं बघितली. सगळं छान चालत होतं. लिबएसएसएच टाकली नाही. दुसऱ्या दहा वाटा होत्या हे मला माहीत आहे. टीसीपीडम्प राउटरवर चालवून एका पाइपनं इकडे आणता आलं असतं. तेही केलं नाही. दाराखालचा उजेड तेव्हाही दिसत होता.

रविवारी सकाळी जळगावकडून परभणीचा नंबर मिळवला आणि फोन केला. तो अजून हैदराबादलाच आहे. आवाज ऐकून खूश झाला. "सांगली! लेका, तुझं एका महिन्याचं भाडं द्यायचं राहिलंय माझ्याकडं." मी म्हटलं, त्याबद्दलच बोलायचंय. आणि सगळं सांगितलं. हब, ती रात्र, दाजींचा मेल. जिन्यातलं खोटं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मला वाटायचं दाजींनीच कुणाला तरी सांगितलं. वर्षभर नीट बोललो नव्हतो मी त्यांच्याशी."

हे मला माहीत नव्हतं. पाकिटात न दिसलेलं हे एक.

मी सॉरी म्हटलं. वीस वर्षांनी म्हटलेलं सॉरी कसं लागतं ते ज्यानं म्हटलंय त्यालाच कळेल. तो म्हणाला, "जाऊ दे. पण वाचलंस ते वाचलंस, नंतर विचारायचं होतंस रे. मी सांगितलं असतं. रोज डबा घेऊन निघताना वाटायचं, कुणीतरी विचारावं." मग त्यानं मुलांचं विचारलं, मी त्याच्या विचारलं. भाड्याचे पैसे पाठवतो म्हणाला, मी नको म्हटलं. तरी संध्याकाळी फोनवर साडेसातशे रुपये आल्याचा मेसेज आला. आकडा त्याच्या बरोब्बर लक्षात होता.

त्या संध्याकाळी मुलगी माझ्या टेबलापाशी आली. वायरशार्क उघडाच होता. "हे काय आहे?" मी दाखवलं. माझीच पाकिटं, रंगीत पट्ट्या, टीएलएसचा मजकूर कसा नुसता कचऱ्यासारखा दिसतो ते.

"बाबा, माझं पण दिसतं का यात?"

"यात नाही. पण राउटरवरून बघता येतं. कुठल्या साइटवर, किती वाजता, एवढं. काय लिहिलंस ते नाही."

"तू बघितलंस?"

"नाही. पण बघणार होतो."

ती ताडकन उठली. रागावली होती आणि तिचं चूक नव्हतं. दारापर्यंत गेल्यावर मी एवढंच विचारलं, "झोप का येत नाही गं तुला?"

"सांगीन. आज नाही."

मंगळवारी रात्री तिनं सांगितलं. आधी आईला, मग मला. जे वाटलं होतं त्यातलं काहीही नव्हतं. काय होतं ते मात्र मी इथे लिहिणार नाही. दाराखालचा उजेड अजून असतो, पण हल्ली साडेअकराला जातो.